सीटच्या आधी वॉर्ड बघ

पत्र रावेर तालुक्यातल्या एका गावातून आलंय, थोडं कमी करून देतेय: "ताई, मी बारावी सायन्सला आहे, पीसीबी ग्रुप. दहावीपर्यंत मराठी मीडियम. आई गावात आशा सेविका आहे, लहानपणापासून तिच्यासोबत पीएचसीला, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्रात जाते, त्यामुळे मला नर्सिंगच करायचंय, नीटसाठी वर्ष ड्रॉप घ्यायचं नाहीये. पण फॉर्म कुठे, कधी, कसा भरायचा कोणी धड सांगत नाही. मावसभाऊ म्हणतो जीएनएम, म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा कर, लवकर मोकळी होशील. बऱ्हाणपूरकडचा एक माणूस घरी येऊन गेला, म्हणे सीईटीची, म्हणजे प्रवेश परीक्षेची गरज नाही, वीस हजार टोकन आणि ओरिजिनल कागदपत्रं द्या, बीएस्सीची सीट पक्की, रोज कॉलेजला यायची पण गरज नाही. पप्पांची तीन एकर केळी आहे, यंदा भाव पडला. आम्ही ओबीसीत येतो. पप्पांचं म्हणणं, नाईट ड्युटीची नोकरी पोरीला नको. आणि खरं सांगू का, मला इंग्लिशची भीती वाटते. काय करू?"

बेटा, सगळ्यात आधी त्या माणसाचं. तो परत आला तर चहापाणी दे, घरी आलेल्या माणसाला आपण तसंच पाठवत नाही, पण ओरिजिनल कागद एक पण द्यायचा नाही. दहावीची मार्कशीट नाही, लिव्हिंग नाही, जातीचा दाखला नाही. एकदा ओरिजिनल त्याच्या बॅगेत गेले की तुला दुसरीकडे नंबर लागला तरी जाता येत नाही, कागद सोडवायला आधी पैसे मागतात आणि तोपर्यंत ॲडमिशनची तारीख निघून जाते. आणि त्याने सांगितलेली शेवटची गोष्ट, रोज यायची गरज नाही, ती ऐकून तर मला रागच आला. नर्सिंग हा काय घरी बसून गाईड वाचून करायचा कोर्स आहे का? ज्या कॉलेजला तुझी हजेरी नको त्या कॉलेजकडे बहुतेक पेशंटच नसतो. सीमेपलीकडची सगळी कॉलेजं वाईट असं मी म्हणत नाहीये, पण मध्य प्रदेशातल्या नर्सिंग कॉलेजांची चौकशी तिथल्या हायकोर्टाला सीबीआयकडे द्यावी लागली, आणि मे २०२४ मध्ये तर सीबीआयने आपल्याच अधिकाऱ्यांना पकडलं, आरोप काय तर लाच घेऊन कॉलेजांना चांगला रिपोर्ट दिला. या सगळ्यात तिकडच्या पोरापोरींच्या परीक्षा कितीतरी दिवस रखडल्या. त्यांच्यात आपल्याकडच्याच रावेर, चोपडा, शिरपूर पट्ट्यातली पोरं असतील असं मला सारखं वाटतं, कारण एजंट फिरतात ते याच गावांमधून.

आता फॉर्मचं. महाराष्ट्रात बीएस्सी नर्सिंगसाठी २०२३ पासून वेगळी सीईटी आहे, राज्याचा सीईटी सेल घेतो, इंजिनिअरिंग-फार्मसीची सीईटी घेतात तेच लोक. म्हणजे नीट द्यायलाच पाहिजे असं नाही. १०० प्रश्न, १०० मार्क, ९० मिनिटं. फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी, इंग्लिश आणि नर्सिंग ॲप्टिट्यूड, प्रत्येकाला २० मार्क, आणि निगेटिव्ह मार्किंग नाही, म्हणजे एकही प्रश्न कोरा सोडून यायचं नाही हे पक्कं लक्षात ठेव. २०२५ ला ही परीक्षा एप्रिलच्या सुरुवातीला झाली, म्हणजे बोर्डाचा शेवटचा पेपर झाला की लगेच, आणि फॉर्म त्याच्या बरेच महिने आधी सुटतात. आपल्याकडे काय होतं, पोरी म्हणतात आधी बारावी होऊ दे मग बघू, आणि रिझल्टनंतर कॉलेजला चौकशीला गेल्यावर कळतं की सीईटी तर केव्हाच झाली. तू आत्ता पत्र लिहिलंस हे फार चांगलं केलंस. आठवड्यातून एकदा सीईटी सेलची वेबसाईट उघडून नोटिसा वाचायच्या, कोणाच्या व्हॉट्सॲप स्टेटसवर विसंबायचं नाही.

बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी आणि इंग्लिश हे चारही विषय पास पाहिजेत आणि चारही मिळून ओपनला ४५ टक्के, तुला ओबीसीतून ४० टक्के लागतात. इंग्लिश यात धरतात हे पुष्कळ जणींना माहितीच नसतं, त्या पीसीबीच्या मागे पळतात आणि इंग्लिशला पासिंगपुरतं बघतात. तसंच त्या वर्षीच्या ३१ डिसेंबरला तुझं वय १७ पूर्ण पाहिजे.

फॉर्म नेट कॅफेत भरणार असशील तर एक गोष्ट माझी हट्टाने ऐक. मोबाईल नंबर आणि ईमेल आयडी तुझाच टाकायचा, कॅफेवाल्या दादाचा नाही. दादा चांगलाच असतो, पण दिवसाला पन्नास फॉर्म भरतो, तो घाईत स्वतःचा नंबर टाकतो, मग ओटीपी त्याला, हॉल तिकिटाचा मेसेज त्याला, आणि जुलैत कॅप राऊंडच्या, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेश फेरीच्या वेळी दुकान बंद असलं की तू रडत बसणार. आईच्या फोनमध्ये तुझ्या नावाने ईमेल उघड, पासवर्ड वहीत लिहून ठेव. नाव, आईचं नाव, जन्मतारीख दहावीच्या मार्कशीटवर आहे तशीच्या तशी टाकायची, आधारवर वेगळं स्पेलिंग असेल तर आत्ताच दुरुस्त करून घे, ते काम ऐन जूनमध्ये काढू नको.

कागदपत्रांचं तर मी जरा जास्तच सांगणार आहे कारण मार्क असून सीट हातची जाते ती इथेच. जातीचा दाखला तुझ्याकडे असेलच, पण ॲडमिशनला व्हॅलिडिटी मागतात, म्हणजे जात पडताळणी, आणि ती चार दिवसांत मिळत नाही. आत्ता तू बारावीला आहेस तर कॉलेजकडून पडताळणीसाठीचं पत्र प्राचार्यांच्या सही-शिक्क्याने घे, ऑनलाईन अर्ज भर आणि जळगावच्या समितीकडे फाईल जमा कर. वडिलांकडच्या रक्ताच्या नात्यात, काका, आत्या, चुलतभाऊ, कोणाची व्हॅलिडिटी झालेली असेल तर आधी ती शोध, काम फार सोपं होतं. नसेल तर ओबीसीला १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा जातीचा पुरावा लागतो, म्हणजे आजोबांच्या शाळेचा दाखला वगैरे. आजोबा शाळेतच गेले नसतील तर घाबरायचं नाही, तहसीलला कोतवाल बुकची नक्कल मागायची, गाव नमुना १४, त्यात जन्ममृत्यूच्या जुन्या नोंदी असतात आणि तिथे जात लिहिलेली सापडते. या कामाला पप्पांनाच पाठव, केळीची कापणी नसेल तेव्हा, आणि पोचपावती जपून ठेवा.

नॉन क्रिमीलेयरचं, म्हणजे आपण ओबीसीतल्या सधन गटात येत नाही या प्रमाणपत्राचं मात्र उलटं आहे, ते घाई करून चालत नाही. ते ३१ मार्चला संपतं. हिवाळ्यात काढलेलं प्रमाणपत्र ॲडमिशनच्या वेळी बाद व्हायची शक्यता असते, म्हणून प्रमाणपत्रावर कोणत्या मार्चपर्यंत वैध आहे ते वाचायचं, तुला ॲडमिशनच्या पुढच्या वर्षीचा ३१ मार्च लागेल. उत्पन्नाच्या दाखल्याचं पण तसंच. म्हणजे व्हॅलिडिटी आत्ता, आणि उत्पन्न व नॉन क्रिमीलेयर एप्रिल लागला की लगेच, सेतूवर गर्दी व्हायच्या आत. डोमिसाईल आत्ता काढून घेतलं तरी चालतं. मेडिकल फिटनेस सर्टिफिकेट शेवटी.

पैशाचं ऐक, कारण पप्पांचा निम्मा विरोध मला वाटतं यातूनच असणार, फक्त ते बोलत नसतील. सरकारचा ८ जुलै २०२४ चा जीआर आहे, ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएसमधल्या ज्या मुलींच्या घरचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत आहे त्यांची व्यावसायिक कोर्सची ट्यूशन फी आणि परीक्षा फी शंभर टक्के माफ, प्रायव्हेट कॉलेज असलं तरी. पण अट अशी की ॲडमिशन कॅपमधून झालेली पाहिजे. मॅनेजमेंट कोट्यातून किंवा इन्स्टिट्यूट लेव्हलला घेतलीस तर हे नाही, अभिमत विद्यापीठातल्या कॉलेजला पण नाही. अर्ज महाडीबीटी या सरकारी स्कॉलरशिपच्या वेबसाईटवर करायचा, दरवर्षी रिन्यू करायचा. आता बघ, तो माणूस सीईटी नको म्हणतो आणि वर टोकन मागतो, आणि इकडे सीईटी देऊन कॅपमधून गेलीस तर ट्यूशन फीच नाही, हे पप्पांसमोर असंच मांड. बाकी डेव्हलपमेंट फी, युनिफॉर्म, पुस्तकं, हॉस्टेल, मेस हा खर्च राहतोच, तो लपवून ठेवू नको. हॉस्टेलसाठी ओबीसींची सरकारी वसतिगृहं आहेत, तिथे नाही झालं तर ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना आहे, जळगावला इतर मागास बहुजन कल्याणच्या ऑफिसला जाऊन दोन्हीची चौकशी कर. कोणत्या प्रायव्हेट कॉलेजला किती फी मंजूर आहे ते शुल्क नियामक प्राधिकरणाच्या वेबसाईटवर असतं, त्याच्यावर कोणी एक रुपया मागितला तर पावती मागायची.

आता जे मला खरं सांगायचंय ते. सीईटीचे मार्क आले की कॅपमध्ये कॉलेजांचे ऑप्शन भरायचे असतात आणि तेव्हा सगळ्या पोरी बिल्डिंग बघतात, हॉस्टेलचे फोटो बघतात, मैत्रीण कुठे जातेय ते बघतात. तू हॉस्पिटल बघ. नर्सिंगचं कॉलेज म्हणजे त्याचं हॉस्पिटल, बाकी सगळं नंतर. नियम असा आहे की कॉलेजचं स्वतःचं निदान १०० खाटांचं हॉस्पिटल पाहिजे, पण कागदावर १०० खाटा आणि प्रत्यक्षात शंभर पेशंट यात फार अंतर असतं. मी वॉर्डात काम केलंय आणि नंतर नर्सिंगच्या पोरींना शिकवलंय, त्यामुळे हे मी अगदी मनापासून सांगतेय.

एक उदाहरण देते म्हणजे कळेल. डिलिव्हरीनंतर बाईच्या पोटावर हात ठेवून गर्भाशय तपासतात, बेंबीच्या आसपास ते कडक, गोल लागलं पाहिजे. माझ्याकडे तिसऱ्या वर्षाची एक पोरगी पीएनसी, म्हणजे बाळंतिणींच्या वॉर्डला होती, फार बोलायची नाही, लिहायला पण साधारणच. दुपारी ड्युटी बदलताना सिस्टर ओव्हर, म्हणजे पेशंटची माहिती घेत असताना ती एका नुकत्याच बाळंत झालेल्या बाईजवळ थांबली, नाडी बघितली, पोटावर हात ठेवला आणि तिला ते भिजवलेल्या कणकेसारखं मऊ लागलं. पॅड बघितला तर भिजून गेलेला. तिने तिथूनच सिस्टरला हाक मारली आणि हात न काढता गर्भाशय चोळायला सुरुवात केली. सिस्टर धावली, ऑक्सिटोसिन, सलाईन, डॉक्टर, सगळं पुढच्या काही मिनिटांत झालं आणि बाई वाचली. बाळंतपणानंतरचा रक्तस्राव हे आपल्या देशात बायका दगावण्याच्या मोठ्या कारणांपैकी एक आहे. त्या पोरीला कडक आणि मऊ यातला फरक कसा कळला? कारण आधी तिने पुष्कळ बायकांच्या पोटावर हात ठेवला होता. डमीवर नाही कळत ते, ज्या हॉस्पिटलात आठवड्याला एखादीच डिलिव्हरी होते तिथे चार वर्षं काढूनही नाही कळत.

म्हणून ऑप्शन भरायच्या आधी, मे-जूनमध्ये, पप्पांना घेऊन दोन-तीन कॉलेजं बघून ये. रविवारी जाऊ नको, कामाच्या दिवशी सकाळी दहा-अकराच्या सुमाराला जा, ओपीडी सुरू असते तेव्हा. केसपेपरच्या खिडकीवर रांग आहे का बघ. वॉर्डाच्या दारातून बघ, खाटांवर माणसं आहेत की नुसत्या चादरी. मग ऑफिसात न जाता कॅन्टीनला बस आणि युनिफॉर्ममधल्या सिनियर पोरींना विचार, लेबर रूमची पोस्टिंग कुठे असते, आयसीयूला खरंच नेतात का, मुलांच्या वॉर्डला किती दिवस, सायकियाट्रीला कुठे पाठवतात, ठाणे, येरवडा, नागपूर, रत्नागिरी इथली मनोरुग्णालयं आहेत तिथे नेतात की इथेच सह्या करून घेतात, कम्युनिटीला कोणत्या पीएचसीला जातात, शिकवायला मॅडम सोबत असतात की पोरींना सोडून निघून जातात. पोरी खरं सांगतात, पहिल्या दोन मिनिटांतच कळतं. आपल्याकडे धुळ्याला हिरे मेडिकल कॉलेज जुनं आहे, जळगावला २०१८ पासून आणि नंदुरबारला २०२० पासून सरकारी मेडिकल कॉलेज आहे, जळगावला गोदावरीचं मोठं हॉस्पिटल आहे, धुळ्याला जवाहर फाउंडेशनचं आहे. या हॉस्पिटलांत कोणत्या नर्सिंग कॉलेजच्या पोरी पोस्टिंगला येतात ते विचार. गर्दीच्या सरकारी हॉस्पिटलात शिकलेल्या पोरीचा हात वेगळाच बसतो. दमतात पोरी, पाय सुजतात, पण शिकतात. कॉलेज नाशिकच्या आरोग्य विद्यापीठाला संलग्न आहे आणि नर्सिंग कौन्सिलची मान्यता आहे एवढं वेबसाईटवर तपासायचंच, ते झालं की मग वॉर्ड. ऑप्शन भरताना क्रम आपल्या पसंतीचा लावायचा, कुठे लागेल याचा अंदाज बांधून नाही. आणि एकदा अलॉटमेंट आली की दिलेल्या तारखेच्या आत ओरिजिनल घेऊन हजर, नाहीतर सीट गेली.

सीईटीसोबत अजून दोन दारं उघडी ठेव. नीटचा फॉर्म भर, ड्रॉपसाठी नाही, मिलिटरी नर्सिंगसाठी. आर्मीची बीएस्सी नर्सिंग अविवाहित मुलींसाठी असते, देशभरात २२० सीटा, त्यात पुणे आणि मुंबईचं कॉलेज पण आहे, तिथे नीटचा स्कोअर धरतात, शिक्षणाचा खर्च सरकारचा आणि नंतर नोकरीचा बाँड. दुसरं एम्सची बीएस्सी नर्सिंग, तिची एन्ट्रन्स वेगळी, फॉर्म वेगळा. दोन्हीकडे स्पर्धा जबरदस्त आहे पण अभ्यास तोच आहे, मग फॉर्म भरायला काय जातंय.

मावसभावाला सांग, जीएनएम वाईट नाही, तीन वर्षांचा डिप्लोमा आहे, माझ्यासोबतच्या कितीतरी उत्तम सिस्टर जीएनएमच्याच. पण जिची बारावी सायन्स आहे, जिला मार्क पडतायत, तिने बीएस्सीच करावं असं माझं स्पष्ट मत आहे. जीएनएम तीन वर्षं आणि मग डिग्री पाहिजे म्हणून पोस्ट बेसिक दोन वर्षं, झाली पाच, त्यापेक्षा सरळ चार वर्षांत डिग्री घे. शिवाय एम्सची नॉरसेट परीक्षा आहे, नर्सिंग ऑफिसरची, तिला बीएस्सीवाली पास झाली की रजिस्ट्रेशन करून लगेच बसू शकते, जीएनएमवालीला ५० खाटांच्या हॉस्पिटलातला दोन वर्षांचा अनुभव लागतो. सीईटीत अगदीच काही जमलं नाही तर जीएनएम करायचं, वर्ष वाया घालवायचं नाही.

इंग्लिशचं. भीती वाटते हे तू लिहिलंस ते बरं झालं, कारण आपल्याकडच्या निम्म्या पोरींना ती असते आणि त्या लपवतात. पहिलं सेमिस्टर जड जातं, ॲनाटॉमी-फिजिओलॉजीच्या पुस्तकातलं एक पान वाचायला तास लागतो, ते खरं आहे. पण ते इंग्लिश गोष्टीच्या पुस्तकासारखं नसतं, तेच तेच शब्द परत परत येतात, दिवाळीपर्यंत सवय होते. सीईटीतल्या २० मार्कांसाठी आत्तापासून रोज एक उतारा आणि थोडं ग्रामर एवढंच कर. वॉर्डात तर इंग्लिशपेक्षा हिशोब जास्त लागतो. समज डॉक्टरने लिहिलं, ५०० एमएल सलाईन चार तासांत द्या, आणि सेट २० थेंबांना एक एमएलवाला आहे. मग ५०० गुणिले २०, झाले दहा हजार थेंब, चार तास म्हणजे २४० मिनिटं, दहा हजार भागिले २४०, मिनिटाला साधारण ४२ थेंब. घड्याळाच्या काट्याकडे बघत चेंबरमधले थेंब मोजायचे आणि रोलर फिरवून बेचाळीसवर आणायचं. हा हिशोब तुला आत्ता येतोय ना? मग अर्धी भीती काढून टाक.

आणि तुझी भाषा हे तुझं नुकसान आहे असं समजू नको. सिव्हिलला अमळनेर-साक्रीकडची एखादी म्हातारी येते आणि "मन्हं पोट दुखस माय" एवढंच म्हणते, सातपुड्यातली बाई पावरीत बोलते, बाहेरून आलेल्या डॉक्टरला कुठे दुखतंय, कधीपासून, काय खाल्लं, काही कळत नाही. तिथे गावची पोरगी दोन मिनिटांत सगळी हिस्ट्री काढते. पेशंट घाबरलेला असतो, त्याला आपल्या बोलीत कोणी बोललं की तो खरं सांगतो, औषध बंद केलंय ते पण सांगतो. ॲप्टिट्यूडच्या पेपरात असेच प्रसंग देतात, पेशंट चिडला तर काय कराल, नातेवाईक घाबरले तर काय कराल, आणि आईसोबत पीएचसीत वाढलेल्या पोरीला ते शिकवायला नको.

आता पुढचं पप्पांना वाचून दाखव.

भाऊ, नमस्कार. तुमची काळजी खोटी नाही. नर्सला नाईट ड्युटी असते, चार दिवस उलटं झोपावं लागतं, सणावाराला सुट्टी मिळेलच असं नाही, हे मी लपवत नाही. प्रायव्हेट हॉस्पिटलात सुरुवातीचा पगार पण कमीच असतो. पण गावात एखादी बाई रात्री अडली की तुमच्याच घरातून तुमची मंडळी उठून जाते ना, रात्री दोन वाजता ॲम्ब्युलन्समध्ये त्या बाईचा हात धरून बसते, पाऊस असो काही असो. तिला पगार नाही, मोबदला मिळतो, आणि तो पण वेळेवर येईलच असं नाही. पोरीने तेच काम बघितलं आणि तिला ते शिकून, डिग्री घेऊन करायचंय. नर्सची रात्र ही भरल्या हॉस्पिटलात, सोबत स्टाफ, खाली सिक्युरिटी, आणि ती रोटेशनने येते, कायमची नसते. पुढचं म्हणाल तर एम्सची नोकरी लागली तर मूळ पगारच ४४,९०० पासून सुरू होतो, वर भत्ते. समुदाय आरोग्य अधिकारी म्हणून उपकेंद्राला लागली तर आपल्या राज्यात महिन्याला २५ हजार आणि कामावर १५ हजारांपर्यंत मोबदला, कंत्राटी आहे पण उपकेंद्र गावातच असतं आणि काम मुख्यतः दिवसाचं. नॉरसेट अवघड आहे, हजारोंनी बसतात पोरं, त्यामुळे लागेलच असं मी म्हणणार नाही. पण केळीचा भाव ज्या वर्षी पडतो त्या वर्षी घरात एक ठरलेला पगार असला की काय होतं ते तुम्हाला मी सांगायची गरज नाही. लग्नाचं म्हणाल तर चार वर्षांनी पण पोर एकवीस-बावीसचीच असेल. तुम्ही एकच करा, हो-नाही म्हणायच्या आधी तिच्यासोबत एकदा कॉलेज बघायला चला, दिवसभर तिथे बसा, वॉर्डातल्या पोरी बघा, त्यांच्या हॉस्टेलच्या वॉर्डन मॅडमशी बोला, गेट किती वाजता बंद होतं, नाईटला पोरींना हॉस्पिटलात कोण सोडतं, हे सगळं तोंडावर विचारा. चांगल्या कॉलेजला अशा बापाचा राग येत नाही.

बेटा, परत तुझ्याकडे. हिपॅटायटिस बीची लस पूर्ण झालीय का ते आईला विचार, नसेल तर ॲडमिशनच्या आधी सुरू कर, सुयांमध्ये काम करायचंय. बोर्डाचा अभ्यास आधी, बायोलॉजी पाठ्यपुस्तकातून ओळ न ओळ, अकरावीचं पुस्तक रद्दीत दिलं नसशील तर काढून ठेव. या आठवड्यात फक्त दोन कामं, ईमेल उघडणं आणि व्हॅलिडिटीचं पत्र प्राचार्यांकडून घेणं. जून-जुलैत स्कोअर हातात आला की तो, तुझी कॅटेगरी आणि तू स्वतः बघून आलेल्या कॉलेजांची नावं लिहून मला परत पत्र टाक, सिनियर पोरींनी काय सांगितलं ते पण लिही, ऑप्शनचा क्रम आपण मिळून लावू.